खरखरबाईची मुलाखत

आमच्या आत्याला रेडिओ केंद्रावर सगळे खरखरबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण आत्याचे कान असे तिखट, की दोन खोल्या पलीकडं कुणी कुजबुजलं तरी तिला शब्द न् शब्द पोचायचा. ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मग त्या माणसाला जिन्यात गाठायची. "खरखर म्हणालात ती कसली, तेवढं सांगा. वाळूची का वाळल्या पानांची? खरखरीत फरक असतो." माणूस पुढं महिनाभर जिना चुकवायचा.

ती रेडिओवर चिकटली ती गाण्यांच्या तबकड्या पुसायला. मऊ फडकं घ्यायचं, गोल पुसायचं, पाकिटात घालायची, की दुसरी. तिथून तिला फिती कापायच्या कामावर नेलं. मोठी माणसं येऊन भाषणं द्यायची, यंत्र ती फितीवर उतरवून घ्यायचं, आणि लोकांना ऐकवण्याआधी त्यातले खोकले, शिंका, पाण्याचे घोट न् घसा खाकरणं काढून टाकायचं. ब्लेडनं फीत कापायची, नको तो तुकडा बाजूला, उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. कापायची ती तिरकी. सरळ कापली की जोडावर टक् वाजतं. हे तिला शिकवावं लागलं नाही. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, शिंपी. त्यांच्या दुकानात चिंध्यांत लोळत ती मोठी झाली. कापड उभं कापलं की काय होतं आणि तिरकं कापलं की काय होतं, हे तिला चालता येण्याआधीच कळलं असावं.

काढलेले खोकले बाकीचे लोक केरात टाकायचे. आत्या ते भिंतीवरच्या खिळ्यांना टांगून ठेवायची. एका रिकाम्या दुपारी तिनं ते सगळे एकापुढं एक जोडले, निम्म्या वेगानं फिरवले, काही उलटे लावले. त्यातून जे निघालं ते ऐकून शेजारच्या खोलीतली टेलिफोनवाली उठून आली. एखादं अवाढव्य जनावर डोंगराच्या पोटात कूस बदलतंय, असं तिला वाटलं. खरं तर ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते, दोन प्राचार्य होते, आणि एक लग्नाळू कवी होता. आत्यानं हे कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिचं टाळकं फिरलं ते फिरलंच.

मग ती नाटकांना आवाज करून द्यायला लागली. वादळ पाहिजे, आगगाडी पाहिजे, भूत पाहिजे, बोलवा खरखरबाईला. नाटकांतून ती नाटकाशिवायच्या आवाजांवर आली. व्हरांड्याच्या टोकाला मोडक्या खुर्च्यांची एक खोली होती, ती तिनं झाडून घेतली. तपासणी विभागाकडून सूर काढणारी तीन यंत्रं मागून आणली. ही यंत्रं संगीताची नव्हेतच. तारा न् यंत्रणा नीट चालतात का हे बघायला अभियंते त्यांतून एकसुरी शिट्टी काढतात. चकती फिरवली की शिट्टी चढते, उलटी फिरवली की उतरते. आत्या त्या शिट्ट्या फितीवर घ्यायची, कापायची, एकावर एक चढवायची. बादलीची कडी, फाटकाची बिजागरी, डब्याचं झाकण, सगळ्यांना त्यात जुंपायची. लांब फितीचा वेढा यंत्रातून काढून खुर्चीच्या पाठीवरून, दुधाच्या बाटलीवरून फिरवायची, म्हणजे तोच आवाज परत परत येत राहतो. त्या वेळी खोलीत जायचं तर वाकून, फितीखालून रांगत जावं लागे. आणि वेळ ती वितीनं मोजायची. फीत एवढी वीत पुढं सरकली की एवढा वेळ गेला, हा तिचा हिशोब. कुठं गप्प बसायचं असेल तर तिथं कोरी पांढरी फीत जोडायची. तिच्यावर आवाज धरायचा लेपच नसतो. कोऱ्या फितीच्या किती विती, तेवढी शांतता.

अशी तिची बरीच वर्षं गेली. जुने साहेब होते, त्यांना काही कळायचं नाही, आणि कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून बरं चाललं होतं. मग नवे साहेब आले. त्यांना सगळं समजून घ्यायची फार हौस. प्रत्येक दार उघडून "इथं काय चालतं?" विचारत ते व्हरांड्याच्या टोकाला पोचले. दार उघडलं तर समोर कमरेएवढ्या उंचीवरून फीत पळतेय, आणि पलीकडं एक बाई फरशीवर मांडी घालून दातांत चिकटपट्टी धरून बसलेली.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"संगीत."

"वाद्यं कुठायत?"

आत्यानं चिकटपट्टी दातांतून काढली. "ही काय समोर."

साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं. "बरं आहे," ते म्हणाले. "पण आवाज कशाचा आहे?"

"कशाचा नाही. आवाज आहे."

"असं कसं? प्रत्येक आवाज कशाचा तरी असतोच."

इथून आत्याच्या डोक्याला जो ताप लागला तो लागला. साहेबांना ती खोली पाहुण्यांच्या बैठकीसाठी पाहिजे होती, आणि तपासणी विभाग आपली यंत्रं परत मागत होता. पण साहेब माणूस न्यायी. उगाच कुणाचं काढून घेणार नाहीत. त्यांनी तोडगा काढला. बाईंची रेडिओवर मुलाखत ठेवायची. थेट. बाईंनी आपले आवाज श्रोत्यांना समजावून सांगायचे, आणि शेवटी आपली एक रचना पूर्ण वाजवायची. श्रोत्यांना पटलं तर खोली राहील, यंत्रंही राहतील. नाही पटलं तर खोलीत सोफा येईल आणि बाई परत खोकले कापायला जातील.

आत्या घरी आली ती धुमसतच. माझी आई भांडी घासत होती.

"वहिनी, मला सांग, तू आमटी वाढताना सांगतेस का, की बघा, ही डाळ कुठल्या पोत्यातली, पाणी कुठल्या नळाचं, न् ढवळलं कुठल्या पळीनं?"

"विचारलं तर सांगीन की," आई म्हणाली.

"आणि ते ऐकत बसल्यावर चव लागेल का?"

"तुझ्या भावाला लागेल. त्याला काहीही लागतं."

वडील मशीनवर होते. पाय न थांबवता म्हणाले, "सांगून टाक की. सांगण्यात तुझं काय जातंय?"

"सगळं जातं, दादा. एकदा का सांगितलं की हा आवाज बादलीच्या कडीचा, की माणसाला बादलीच दिसते. मग मी वर कितीही कारागिरी केली तरी तो बादलीच घेऊन बसतो."

"बादली वाईट असते का?"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि ती आत जाऊन पडली.

पण खोलीचा सवाल होता, तेव्हा ती तयारीला लागली. सगळ्यात मोठा धोका तिला श्रोत्यांचा वाटत नव्हता. धोका होता काटेवाल्यांचा.

काटेवाले म्हणजे नियंत्रण कक्षात बसणारे एक अभियंते. त्यांच्या समोर एक तबकडीएवढी काच, काचेमागं काटा. आवाज चालला की काटा नाचतो. काटेवाले कानांनी फारसं ऐकत नसत, काटा बघत. काटा वेडावाकडा उडाला की बिघाड. एकाच जागी थरथरत राहिला तरी बिघाड. त्यांनी आत्याची दोन नाटकं अशी मधेच तोडली होती. एका नाटकात तर भूत यायच्या ऐन वेळी "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व" झालं, आणि ते भूत श्रोत्यांना कधी भेटलंच नाही.

या वेळी आत्यानं कच्चं काही ठेवायचं नाही असं ठरवलं. मुलाखतीच्या सकाळी ती रीळ घेऊन नियंत्रण कक्षात गेली आणि काटेवाल्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"हा ऐका. हा बिघाड नाही."

काटेवाल्यांनी काटा बघितला. "बरं. बिघाड नाही. पुढचा."

"हा घरघरतो, तोही बिघाड नाही."

"हा मात्र बिघाडासारखा आहे, बाई."

"आहेच. मुद्दाम केलाय."

"बिघाड मुद्दाम करतात?"

"तुम्ही फक्त सोडून द्या हो."

"सोडला. पुढचा."

असा रचनेतला एकूण एक आवाज तिनं त्यांच्या काट्यासमोरून नेला. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांची ओळख करून देतात तसा. काटेवाले माणूस सरळ. एकदा हो म्हणाले की हो. निघताना त्यांनी विचारलंही, "अजून काही राहिलं का?" आत्यानं बोटांवर मोजून बघितलं. सगळे आवाज झाले होते. "काही नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलाखत सुरू झाली. निवेदक हा माणूस आवाजानं लोण्यासारखा आणि समजुतीनं लाकडासारखा. त्यानं साहेबांकडून पक्की शिकवण घेतली होती.

"तर श्रोतेहो, हा पहिला आवाज ऐकू या. बाई, हा आवाज कशाचा?"

"एका सुराच्या यंत्राचा आणि एका झाकणाचा. पण ते महत्त्वाचं नाही. तो कसा येतो न् कसा विरतो, ते ऐका."

"झाकण. कशाचं झाकण?"

"डब्याचं."

"कसला डबा म्हणायचा हा?"

"पिठाचा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता.

"वा. म्हणजे श्रोतेहो, आपल्या स्वयंपाकघरातला पिठाचा डबा. आता हा दुसरा. बाई, मला हा उंदरासारखा वाटतो."

"उंदीर नाही."

"मग चिमणी?"

"कुणीच नाही. असा प्राणी नाही. नसलेल्याचा आवाज काढता येतो म्हणून तर मी हे करते. वाद्याला त्याचा स्वतःचा आवाज असतो. बासरी काय करील, बासरीसारखीच वाजेल. हा आवाज आजवर कुणी ऐकलेलाच नाही, तर तो कशासारखा कसा असेल?"

हे ती मनापासून बोलली. पुढं बरंच बोललीही असती. पण निवेदक म्हणाला, "पण अगदीच जवळचं काही सांगायचं तर?"

आत्यानं घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाली, "कीटक."

"कीटक," निवेदक समाधानानं म्हणाला. "श्रोतेहो, कीटक."

आम्ही घरी ऐकत होतो. वडिलांनी शिवण बाजूला ठेवली होती. आई म्हणाली, "बिचारीला पार कोपऱ्यात घेतलंय त्यानं." वडील म्हणाले, "चांगलं चाललंय. मला सगळं कळतंय. डबा, कीटक."

असं करत करत त्यानं तिच्याकडून बादली काढली, बिजागरी काढली, पंखा काढला. आत्यानं प्रत्येक वेळी हात टेकले आणि सांगितलं, कारण खोली डोळ्यांपुढं होती. शेवटी एकदाची ती वेळ आली. निवेदक म्हणाला, "आता बाईंची पूर्ण रचना," आणि रीळ फिरू लागलं.

रचना होती चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा एवढी. सुरुवात खालच्या घुमाऱ्यानं. त्यात एक एक धागा वर चढत जायचा. चढता चढता सगळं अगदी माथ्यावर आलं की एकदम कापलेलं. मग शांतता. बारीकसारीक नव्हे, चांगली लांबलचक. कोऱ्या फितीच्या भरपूर विती. आणि त्या शांततेतून एकच बारीक सूर, विहिरीच्या तळाशी उजेड दिसावा तसा. सगळी रचना त्या एका सुरासाठी केलेली होती. शांतता नसेल तर तो सूर म्हणजे नुसती शिट्टी.

स्टुडिओत आत्यानं डोळे मिटून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. घुमारा आला, धागे चढले, शांतता झाली, सूर आला. निवेदकानं आभार मानले. आत्या बाहेर आली ती बऱ्याच दिवसांनी हलकी होऊन.

व्हरांड्यात शिपाई भेटला. "बाई, काय सुरेख वाजवलंत. विशेषतः ती शेवटची बासरी."

"कसली बासरी?"

"तुमचीच की. मधे क्षमस्व म्हणाले, त्याच्यानंतरची."

स्टुडिओत फक्त रीळ ऐकू यायचं, हवेत काय जातंय ते नाही. आत्या तशीच नियंत्रण कक्षात गेली. काटेवाले फोनवर होते. फोन ठेवून ते म्हणाले, "बाई, तुमचे सगळे आवाज सोडले बघा. एकाला हात लावला नाही. पण ऐन मधे तुमच्या स्टुडिओकडून लाईनच गेली. काटा झोपला. मग नियमाप्रमाणं तबकडी लावली, ती कार्यक्रम संपेपर्यंत."

नियम असा होता. काटा झोपला, म्हणजे हवेत काहीच जात नाही. बिघाडात हा सगळ्यात मोठा. त्यासाठी काटेवाल्यांच्या हाताशी एका फिरत्या चौथऱ्यावर बासरीची तबकडी कायम मांडलेली असे. काटा झोपला की सुई खाली. मग निवेदन कक्षातल्या माणसानं क्षमस्व म्हणायचं, आणि बिघाड सापडेपर्यंत बासरी चालू ठेवायची.

"लाईन गेली नव्हती," आत्या म्हणाली. "ती शांतता होती. रचनेतली."

काटेवाले बघत राहिले. "ती तुम्ही सकाळी दाखवली नाहीत."

आत्यानं परत बोटं मोजली. एकूण एक आवाज दाखवला होता. शांतता काही आवाजात मोडत नाही, म्हणून ती दाखवायची तिला सुचलीच नव्हती. बोटांवर मोजलेल्यांत ती नव्हती.

"मी विचारलंही होतं, काही राहिलं का म्हणून," काटेवाले हळूच म्हणाले.

"हो, विचारलंत," आत्या म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आत्या मनानं खोली रिकामी करूनच गेली होती. साहेब हसतमुख.

"अभिनंदन, बाई. टेलिफोनवाली सांगत होती, एवढे फोन निवडणुकीच्या निकालालाही आले नव्हते. लोकांना फार आवडलं. पहिल्यांदा सगळा गोंगाट, डबे, कीटक, आणि शेवटी त्यातून बासरी निघते. काय कल्पना आहे."

"साहेब, ती बासरी माझी नाही. ती तुमची बिघाडाची तबकडी आहे."

"मला माहीत आहे ते."

"मग?"

"मग काय? लोकांना माहीत नाही. खोली राहिली तुमची. यंत्रंही राहिली. फक्त इथून पुढं प्रत्येक रचनेत बासरी पाहिजे."

"माझ्या रचनेत बासरीचं काय काम आहे? कालच मी रेडिओवर सांगितलं, की..."

"ऐकलं ते मी. पण श्रोत्यांनी फोन करून सांगितलंय. बासरी आहे तोवर खोली आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी रचना द्या. नाहीतर बैठकीचा सोफा तयार आहे, त्याला नुसती जागा पाहिजे."

आत्या घरी येऊन दुकानातच बसली, कापडाच्या ताग्यावर. वडील काज करत होते.

"दादा, तूही काल फोन केलास?"

"केला की. आपलं माणूस म्हणून."

"काय सांगितलंस?"

"बासरी झकास होती म्हणून सांगितलं."

आत्यानं मान खाली घातली. "तुला पण."

"अगं, चांगली ती चांगली म्हणायला नको का? बाकीचंही होतं बरं. पण ते कसं, मापात बसत नव्हतं."

"आता म्हणे प्रत्येक वेळी बासरी पाहिजे. एखाद्यानं सुबक सदरा शिवावा आणि गिऱ्हाइकानं म्हणावं, पाठीवर एक खिसा लावा."

"लावायचा," वडील म्हणाले. "त्याची पाठ, त्याचा खिसा. मी लावलेत. एकानं बाहीच्या आत लावून घेतला होता, काय ठेवायचा देव जाणे."

आत्या वडिलांच्या पुढ्यातला सुताचा गुंडा घेऊन उलगडत बसली, आणि त्यांनी तो काढून घेतला.

"मग मी," ती उठत म्हणाली, "खिशांचाच सदरा शिवते."

"म्हणजे?"

"म्हणजे सदरा कुठंच नाही. नुसते खिसे, खिशाला खिसा जोडलेला."

"घालायचा कसा?"

पण ती तोवर रस्त्याला लागली होती.

ती गेली ती थेट नियंत्रण कक्षात. काटेवाले तिला बघून जरा अवघडले. तिनं सगळं सांगितलं. साहेबांना बासरी पाहिजे, तर नव्या रचनेत बासरीशिवाय काहीच असणार नाही. पण रचनेत शांतता असणार, पहिल्यासारखीच लांब. आणि आज ती आधीच सांगतेय.

"बाई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," काटेवाले म्हणाले. "पण सांगून उपयोग नाही. आवाजाचं ठीक, तो बिघाड का नाही ते मी ठरवू शकतो. काटा झोपला की ठरवायचा अधिकार मला नाही. सुई खाली टाकावीच लागते. माझी नोकरी त्याच्यावर आहे."

"माझी खोलीही त्याच्यावरच आहे."

"ते कळतंय मला."

काटा कुणाच्या तरी भाषणावर डुलत होता. काटेवाले त्याच्याकडंच बघत म्हणाले, "नियमात तबकडी लावा असं आहे. तबकडी जागेवर असेल तर लावणारच. आता, साहेबांनी तुम्हाला बासरी वापरायला सांगितलीय. लोकांना आवडली ती हीच बासरी. कामासाठी तुम्ही ती तुमच्या खोलीत नेली, तर मी नाही कसं म्हणू?"

आत्यानं तबकडी उचलली, पदराखाली धरली आणि ती निघाली.

मग आठवडाभर तिला घरच्यांनी जेवणापुरतंच बघितलं. ती बासरी तिनं फितीवर घेतली आणि तिची चिरफाड केली. वेग निम्मा केला, त्याच्याही निम्मा केला, तेव्हा बासरी गाईसारखी हंबरायला लागली. उलटी फिरवली, तेव्हा प्रत्येक सूर संपण्यापासून सुरू होऊन सुरू होण्यापाशी संपायला लागला. वाजवणाऱ्यानं मधे मधे जो श्वास घेतला होता, तेवढाच कापून तिनं त्याचा वेढा केला, आणि तो खुर्चीवरून, बाटलीवरून, खिडकीच्या गजांवरून फिरवला. मधे कोरी फीत जोडली. वितीनं मोजून जोडली आणि मग रागानं आणखी चार विती वाढवल्या.

प्रसारणाच्या संध्याकाळी ती स्टुडिओत बसली नाही. नियंत्रण कक्षात काटेवाल्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिली. निवेदकानं बाईंची नवी बासरी-रचना अशी घोषणा केली, तेव्हा आपण दात आवळले, असं तिनंच मला नंतर सांगितलं. रीळ फिरलं. काटा नाचला. हंबरणं चढत गेलं, श्वास त्यात मिसळत गेला, सगळं माथ्यावर आलं आणि कापलं गेलं.

काटा झोपला.

काटेवाले नियमाप्रमाणं उठले. नियमाप्रमाणं त्यांनी हात चौथऱ्याकडं नेला. तिथं नुसता चौथरा फिरत होता, वर काही नाही. "तबकडी नाही," ते मोठ्यानं म्हणाले, कारण तसं म्हणायची पद्धत होती. काचेपलीकडं निवेदन कक्षातला माणूस तोंड उघडून तयार होता. पण क्षमस्व म्हणायचं ते तबकडी सुरू झाल्यावर, आधी नाही. तबकडी सुरू होईना, म्हणून तोही तसाच बसून राहिला. काटेवाल्यांनी कपाळ पुसलं. आत्या म्हणते, तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

कोरी फीत सगळी सरकली, वाढवलेल्या चार वितींसकट. मग काट्याचं टोक जरासं हललं. आणि तो सूर आला.

रात्रीच्या जेवणाला आत्या घरी आली तेव्हा वडील जरा चिडलेलेच होते.

"अगं, मधे रेडिओ बंद पडला. मी उठलो, म्हटलं दोन थापट्या माराव्यात, हात उगारला न् तेवढ्यात सुरू झाला."

"थापटलास का?"

"नाही. हात वरच राहिला. आणि सुरू झाला तो एवढासा बारीक, आधी मला वाटलं माझ्याच कानात वाजतंय."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. "मग?"

"मग काय? हात वर धरून ऐकलं. बासरी कुठाय?"

"तीच बासरी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"काहीतरीच सांगू नकोस," वडील म्हणाले आणि त्यांनी ताट ओढलं.

साहेबांनी सकाळी हेच विचारलं. बासरी कुठाय. आत्यानं टेबलावर तबकडी ठेवली, शेजारी आपलं रीळ ठेवलं. "हिच्यातलंच सगळं आहे. बाहेरचं काही घेतलं नाही. अभियंत्यांना विचारा." साहेबांनी काटेवाल्यांना बोलावलं. काटेवाले म्हणाले, तबकडी आठवडाभर बाईंकडं होती आणि दुसरं काही त्यांनी मागितलेलं नाही. साहेब न्यायी माणूस. त्यांनी बासरी मागितली होती, बासरी आली होती. आता ती बासरीसारखी पाहिजे होती, हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

"फोन आले का?" आत्यानं विचारलं.

"आले. निम्मे लोक म्हणतात, रेडिओ मधे बंद का पडला. आणि निम्मे म्हणतात, बंद पडल्यानंतरचं जे होतं ते परत लावा." साहेबांनी डोळे चोळले. "त्यांना नाव सांगता येईना. काय लावू म्हणून विचारलं, तर म्हणतात, ते शेवटचं, बारीक. कशाचं होतं ते?"

आत्यानं आपलं रीळ उचलून काखेत धरलं.

"बरं, नका सांगू," ते म्हणाले. "जा. आणि ती तबकडी आधी जागेवर ठेवा."

आत्या तबकडी घेऊन खाली गेली. खोलीतलं सामान कुणी हलवलं नाही. सोफा व्हरांड्यातच, तिच्या दाराला लागून ठेवला, आणि पुढं कित्येक वर्षं तिच्या खोलीत जायचं म्हणजे आधी सोफ्याला वळसा घालून, मग फितीखालून रांगत जावं लागे. पाहुणे तिथंच बसत. आतले आवाज ऐकून कुणी शिपायाला विचारलं, की हे काय बिघडलंय, तर तो म्हणे, "काही नाही, बासरी आहे."